पहिली वेलांटी

ऋत्वीने पेन ड्राइव्ह खोचला आणि विचारलं,
"काका, बॅकअप लीधुं ने?"
हो म्हटलं. दोनदा.
तरी तिसऱ्यांदा तिच्यासमोर घेतलं,
कारण एकवीस वर्षांच्या लग्नपत्रिका आहेत या डब्यात,
दांडिया बाजारातल्या निम्म्या घरांच्या मुंजी, बारशी,
आणि ती दोन मोडलेली लग्नंही
ज्यांचे छपाईचे पैसे अजून यायचेत.

"जूनाने हवे अपडेट नथी मळता, काका."
मलाही नाही मळत, मी म्हटलं.
ती हसली. पण बोट थांबलं नाही.

निळा पडदा, मग काळा, मग भाषांची यादी.
मलयाळमच्या खाली आपली उभी होती,
काना, वेलांटी, सगळं जिथल्या तिथे.
मी उगाच चष्मा पुसला.
घड्याळाने विचारलं, कुठे राहता?
बडोदा नव्हतंच त्याच्याकडे.
तिने कोलकाता निवडलं, मी हरकत घेतली नाही.

मग तो प्रश्न आला: सगळं पुसायचं?
जुनं शेजारी ठेवता येईल का, मी विचारलं.
डिस्क लहान आहे म्हणे, दोघं मावणार नाहीत.
खाली मशीन खडखडत होतं,
ग्याहऐंशी पत्रिकांचा गठ्ठा शाईत ओला.
पूस, म्हटलं,
आणि रस्त्यावर जाऊन दोन प्लेट सेव-उसळ घेऊन आलो.
परतलो तेव्हा पट्टी अर्ध्यावर होती,
ऋत्वी पाय वर घेऊन मोबाइल बघत होती.

चार वाजता जुनी फाईल उघडली.
"श्री गजानन प्रसन्न"च्या जागी
एक डॉलर, स्वल्पविराम, कंसाचा अर्धा तुकडा.
फॉन्ट जुना होता, सोबत आला नाही.
मी काही बोललो नाही.
तिने कुठलं तरी यंत्र लावलं,
अक्षरांची पलटण भराभर कपडे बदलून आली,
गजानन आला, कुलदेवता आली,
अगत्य येण्याचे करावे हेही आलं.

फक्त "चि." फुटला होता.
एकवीस वर्षांतले सगळे चिरंजीव, एकजात.
च वेगळा, आणि त्याच्या अलीकडे
ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळाला धरून वेलांटी,
जशी नवरदेवाची गाडी फतेहगंजला अडकल्यावर
पाटावर एकटी बसलेली मुलगी.

चूक तिची नव्हती, बोटांची होती.
खंडेराव मार्केटमागच्या टायपिंग क्लासात
मला शिकवलं होतं, दिसतं तसं मारा:
आधी पहिली वेलांटी, मग अक्षर.
हजारो वेळा तसंच मारलं.
आता म्हणे बोलतो तसं मारायचं.
आधी च.
मग वेलांटी.

मारून पाहिली.
ती मागून आली
आणि उडी मारून च च्या पुढे जाऊन बसली,
उशिरा येऊनही पहिल्या पंगतीत
हक्काने पान मांडून घेणाऱ्या आत्येसारखी.
मी पुन्हा मारली.
पुन्हा तेच.
चार-पाचदा तरी नुसतं तेवढंच केलं.

दिवे लागायच्या सुमारास ऋत्वीने पिशवी उचलली.
"फावशे ने, काका?"
फावेल, म्हटलं.
(पुण्याची बहीण हसते माझ्या या फावेलला.)

ती गेल्यावर फणसेंची पत्रिका घेतली,
एका बाजूला गुजराती, एका बाजूला मराठी,
परवा द्यायची आहे.
नवऱ्या मुलाचं नाव मिहिर.
नेमकं.
एका ओळीत तीन पहिल्या वेलांट्या.

च. थांबलो. वेलांटी.
म. बोट सवयीने आधीच उचललं गेलं होतं, खाली आणलं.